फायनलवर मारलेली हाक

माझी वहिनी विमान चालवायला शिकवते. आवाज खणखणीत, चालणं तरातरा, आणि शिकणाऱ्याने चूक केली की मागच्या सात पिढ्यांची आठवण करून देणारी जीभ. तिच्या हाताखालून गेलेला माणूस एकवेळ स्वतःचा वाढदिवस विसरेल, पण आकाशात आपण कुठे आहोत ते सांगायला विसरणार नाही. मी त्याच मैदानावर मेकॅनिक आहे. मोठा भाऊ वैमानिक, वहिनी त्याची गुरू आणि मी त्यांच्या विमानांचा हमाल, असं आमचं घर होतं.

आमचा विमानतळ चिमुकला. वरून 'तू थांब, तू ये' म्हणणारं कोणी नाही. धावपट्टीभोवती चौकोनी फेरी घ्यायची, प्रत्येक वळणाआधी रेडिओवर आपली जागा ओरडून सांगायची, आणि शेवटी धावपट्टी नाकासमोर धरून उतरायला यायचं. त्याला फायनल म्हणतात. गर्दीच्या सकाळी फेरीत चार-पाच विमानं असतात. सगळ्यांचा जीव त्या ओरडण्यावर.

आणि आमच्या नशिबी तो सरळसोट. हे नाव मीच ठेवलं. गडी पैसेवाला, विमान स्वतःचं. फेरीबिरी गरिबांनी घ्यायची, हा लांबून थेट फायनलवर घुसणार. "तुमच्यासाठी गोल गोल फिरायला मला वेड लागलंय का?" असं हसत विचारायचा.

एका सकाळी भाऊ फेरी पूर्ण करून फायनलवर वळला. त्याच्या विमानाचे पंख डोक्यावर, छताला लागून, त्यामुळे वरचं दिसत नाही. सरळसोटच्या विमानाचे पंख खाली, त्यामुळे खालचं दिसत नाही. तो भावाच्या डोक्यावरच उतरला. भाऊ गेला. सरळसोटचा फक्त पाय मोडला.

चौकशीत सरळसोटने कानावर हात ठेवले. "हाक मारलीच नाही त्याने. मारली असती तर मी थांबलो नसतो का?" त्या वेळी रेडिओजवळ कोणी नव्हतं. मी इंजिन चालू करून त्यात डोकं घालून बसलो होतो. वहिनी घरी तापाने फणफणलेली. चौकशीवाल्यांनी लिहून टाकलं की मृत वैमानिकाने आपली जागा सांगितली नसावी. ते वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण खरा घाव आईने घातला. ती वहिनीला म्हणाली, "शिकवलंस तूच ना त्याला? मग हाक मारायला नाही शिकवलंस?" त्यानंतर आई तिच्याशी कामापुरतंच बोलायची. एकाच ओट्यापाशी दोघी, आणि मध्ये भिंत.

पाय बरा झाल्यावर सरळसोट नवीन विमान घेऊन परत आला. तसाच थेट घुसणारा, वर साळसूद चेहऱ्याने मलाच सांगणारा, "इंजिन जरा बघून ठेवा हं." मी दातओठ खात बघायचो. एक दिवस वहिनीला म्हणालो, "त्याचं विमान माझ्याच हाताखाली असतं. एक नट सैल राहिला तर कोणाला कळणार?"

वहिनीने माझ्या हातातला पाना काढून घेतला. "मेलेल्याकडून काय वदवून घेणार, भाऊजी? मला तो जिवंत हवाय. त्याने हाक ऐकली होती. हे त्याच्या तोंडून, सगळ्यांसमोर हवंय मला."

भावाच्या मागे वहिनीने मैदानावर एक पद्धत पाडली होती. कोणी हाक मारली की आसपासच्याने उत्तर द्यायचं, "दिसलास." एवढा एकच शब्द, पण वर एकट्या बसलेल्याच्या जिवात जीव येतो. आता तिने सगळ्यांना सांगितलं, आपापली जागा नेहमीसारखी सांगा, सरळसोटपासून दूर राहा, पण त्याला उत्तर देऊ नका. कोणीच नाही.

पहिले काही दिवस त्याला फरक पडला नाही. मग पडला. बाकीच्यांना उत्तरं मिळतात आणि आपण बोललो की सगळ्यांची दातखीळ बसते, हे त्याच्या लक्षात आलं. जन्मात हाक न मारणारा माणूस हाकांवर हाका मारू लागला. "फायनलवर आहे. कोणी आहे का? अहो, ऐकू येतंय का?" मी हँगरमध्ये रेडिओचा आवाज मोठा करून ऐकायचो. खोटं कशाला सांगू, मला गोड लागायचं.

घोळ घातला तो दातांच्या डॉक्टरीणबाईंनी. पन्नाशीत विमान शिकायला आलेली बाई, भित्री पण चिकाटीची. त्यांनी आपली अशी समजूत करून घेतली की सरळसोट वर असला की रेडिओवर कोणी बोलायचंच नाही. एक दिवस त्या एकट्याच विमान घेऊन वर गेल्या. दिवसभर लोकांना आ करायला लावणारी बाई ऐन फायनलवर तोंड मिटून वळली. आणि मागून, वरून, सरळसोट.

मी आणि वहिनी हँगरच्या दारात होतो. बाईंचं पंख-डोक्यावरचं विमान खाली, त्याचं वर, अंतर कमी कमी होत चाललेलं. वहिनी रेडिओवर झेपावली.

"डॉक्टरीणबाई, उजवीकडे वळा! आत्ता! सरळसोट, वर जा! खाली विमान आहे!"

त्या नावाने त्याला तोंडावर कोणी हाक मारली नव्हती, पण तो बरोबर वर गेला. बाईही वळल्या. वहिनीने त्यांना मैदानापासून लांब जाऊन घिरट्या घालायला सांगितलं. त्यांचा "हो" आला, रडवेला. धोका टळला होता. आम्हाला दोन्ही विमानं स्वच्छ दिसत होती.

हे त्यानेही ऐकलं होतं, पण भित्र्या बाई खरंच लांब गेल्या का, ते त्याला दिसत नव्हतं. तो मैदानाच्या वर गोल गोल फिरत होता. "कुठे आहे ते विमान? खाली आहे का अजून? कोणीतरी बोला ना!"

वहिनीने बटण दाबलं. आजवर ती त्याला अहो-जाहो करायची.

"आधी सांग. त्या दिवशी त्याने हाक मारली होती?"

"आत्ता हे काय... अहो, विमान कुठे आहे?"

"मारली होती?"

माझ्या मनात आलं, हे चुकतंय, बाई आत्ताच आपल्यामुळे मरता मरता वाचल्यात. पण मी वहिनीला थांबवलं नाही. मला थांबवायचं नव्हतं.

"मारली होती," तो म्हणाला. आवाज फाटला होता. "दोनदा. ऐकली मी. मला वाटलं, मी आधी पोचेन. तो बघून घेईल. उतरू द्या मला, पाया पडतो."

पेट्रोल भरणारा, दुसरे दोन वैमानिक, लांब फिरणाऱ्या डॉक्टरीणबाई, सगळ्यांनी ऐकलं. वहिनी म्हणाली, "मोकळं आहे. उतर." मग तिने बाईंना गोड आवाजात, एकेक वळण सांगत खाली आणलं आणि उतरल्यावर त्यांना मिठी मारून स्वतःच माफी मागितली.

सरळसोट उतरला, पण बराच वेळ विमानातून बाहेर आला नाही. नंतर तो मैदानावर फिरकलाच नाही. कागदावर काय बदललं ते विचारू नका. चौकशी बंद झाली ती बंदच.

संध्याकाळी आई भाजी निवडत होती. वहिनी चपला न काढताच तिच्यासमोर जाऊन बसली. "आई, मारली होती हाक. दोनदा. त्याने आज कबूल केलं."

आईचे हात थांबले. मी सगळं सांगितलं, तो वर कसा फिरत होता, काय विचारत होता, शेवटी काय बोलला. ती वहिनीकडेच बघत होती.

"घाबरला होता?" तिने विचारलं.

"रडत होता," वहिनी म्हणाली.

आईने तिचा हात घट्ट धरला.

"मग इतक्यात कशाला उतरू दिलंस गं त्याला?"