टिटवीच्या शेतातला हातरुमाल

नोकरीच्या काळात मी हजारो छायाचित्रे पाहिली. त्यांतले एकही सुंदर नव्हते. विमा कंपनीच्या दावे विभागात माझ्या टेबलावर ती येत: चेपलेले बोनेट, जळालेले दुकान, भिजून फुटलेली धान्याची पोती, आणि कानातला बिल्ला नीट दिसेल अशा बेताने टिपलेली मेलेली म्हैस. वस्तू मधोमध हवी, चारही बाजूंनी घेतलेली हवी, आकार कळावा म्हणून शेजारी पेन ठेवलेले हवे, आणि जागा पुन्हा सापडावी म्हणून तिथे एखादी खूण केलेली हवी, हे नियम नव्या सर्वेक्षकांना मीच शिकवत असे. त्यामुळे निवृत्तीनंतर मुलीने कॅमेरा हाती दिला, तेव्हा छायाचित्राविषयी माझी समजूत एवढीच होती की नुकसान झाले आहे आणि ते नीट दाखवायचे आहे.

शेवटची बदली जयपूरला झाली आणि आम्ही इथेच, मालवीय नगरात, राहून गेलो. माझे यजमान अमरावतीचे. त्यांना गाडी चालवायला आवडते आणि अनोळखी माणसांशी बोलायला त्याहून अधिक आवडते. मला दोन्ही जमत नाही. रविवारी उजाडता उजाडता आम्ही निघत असू. कानोत्याचे धरण मागे टाकले की हमरस्ता सोडायचा आणि ज्या रस्त्याला नाव नाही तो धरायचा. तिथे खेजडीच्या झाडावर मोर बसलेले असत, उंटगाडीवर गवताचा एवढा ढीग असे की उंट कुठून सुरू होतो ते कळू नये, आणि एखाद्या बंद पडलेल्या पंक्चरच्या दुकानाच्या भिंतीवर कुणी हौशीने विमान रंगवलेले असे. हे सगळे मी गाडीच्या काचेतून टिपत असे. काच एक तृतीयांश खाली. कुणी माझ्याकडे पाहिले की मी कॅमेरा शेजारच्या झाडाकडे वळवत असे. आमच्या त्या पहिल्या वर्षाच्या संग्रहात विनाकारण टिपलेली बाभळीची झाडे पुष्कळ आहेत.

घरी आल्यावर यजमान संगणकावर ती चित्रे पाहत.

"अगं, तू फोटो काढून राहिली का पंचनामा करून राहिली?"

"का? काय झालं?"

"ह्या नीलगायीचे तीन बाजूंनी घेतले. चौथी बाजू राहिली. क्लेम रिजेक्ट होईन तिचा."

मी हसत असे. पण त्यांचे म्हणणे खरे होते. माझी नीलगाय जिवंत असूनही जिवंत दिसत नव्हती. साठी उलटल्यावर नवीन काही शिकू पाहणाऱ्या माणसाला अशी चेष्टा लागत नाही असे नाही. त्यानंतर मी काही गोष्टी त्यांना सांगेनाशी झाले. हातरुमालाची गोष्ट त्यांतलीच.

वैशाखातला रविवार होता. कानोत्याच्या पुढे एका गावाबाहेर यजमान गाडीतल्या रिकाम्या बाटल्या भरून आणायला हातपंपाकडे गेले होते. रस्त्यालगतच्या पडीक शेतावर एक टिटवी जिवाच्या आकांताने ओरडत घिरट्या घालत होती. आसपास कोणी नव्हते, एवढ्याच धैर्यावर मी खाली उतरले. शेताच्या मधल्या उंचवट्यावर, खड्यांमध्ये, खड्यांच्याच रंगाची चार अंडी होती. टिटवी घरटे बांधत नाही, उघड्या जमिनीवर अंडी घालते, हे मी वाचले होते. पण ती इतकी उघडी असतात हे पाहून मला भरून आले. मी घाईघाईने चारही दिशांना फिरून छायाचित्रे घेतली. हाताला सवय होती म्हणून शेजारी पेनही ठेवले. मग पक्ष्याला त्रास नको, पुढच्या रविवारी रस्त्यावरूनच लांबचे भिंग लावून टिपू, असा विचार करून मी दहा पावले मागे आले आणि जागा पुन्हा सापडावी म्हणून बाभळीची वाळकी काटकी जमिनीत रोवून तिला माझा पांढरा हातरुमाल बांधला. त्याच्या कोपऱ्यावर मी लग्नाआधी भरलेले निळे फूल होते. यजमान परत आले तेव्हा मी गाडीत बसलेली होते, काच एक तृतीयांश खाली.

पुढच्या रविवारी त्याच गावाच्या फाट्यावर यजमान चहाला थांबले. मी नेहमीप्रमाणे गाडीतच होते. चहावाला आणि ते यांचे बोलणे मला खिडकीतून ऐकू येत होते.

"क्या भैया, गाँव में सब ठीक?"

"ठीक क्या साहब! जिसका खेत खाली दिखा, उसी में झंडी। वो आगे वाली माँजी हैं न, अकेली रहती हैं, उनके खेत में भी किसी ने रोप दी। तीन दिन पहले उनको दिखी।"

"किसने?"

"क्या पता। सफेद कपड़ा है, कोने पर नीला फूल कढ़ा है। किसी बड़े महकमे की ही होगी।"

त्या रस्त्याने वर्षभर येत असताना जे मी सुमारे पन्नासदा टिपले होते, ते मला पहिल्यांदा दिसले. दर दोन-चार शेतांनंतर चुन्याने रंगवलेले दगड, काटक्यांना बांधलेल्या पांढऱ्या चिंध्या, एखाद्या न उभ्या राहिलेल्या वसाहतीची कमान. शेतांचे भूखंड पडत होते, आणि भूखंड पडायची सुरुवात नेमकी अशीच होते: कुणीतरी येतो, काही न बोलता पांढरी खूण रोवतो आणि गाडीत बसून निघून जातो.

चहावाला पुढे सांगत होता की त्या आजींनी घाबरून झंडी उपटून टाकली, आणि शेत पडीक आहे असे कुणी म्हणू नये म्हणून शेजारच्या गावाहून ट्रॅक्टर बोलावला आहे. आजच पूर्ण शेत नांगरून घेणार. सुरूही झाले असेल.

यजमान चहाचे दोन मातीचे कुल्हड घेऊन गाडीत आले. मी कुल्हड घेतला नाही.

"अहो, ती झंडी माझी आहे."

"कोणती?"

"निळ्या फुलाची. टिटवीची अंडी आहेत तिथे. मला जागा सापडावी म्हणून मी…"

"म्हणजे ते मोठं खातं तू आहे?"

"लवकर चला ना."

"चलतो. पण बोलायचं तू. झंडी तुझी, तर बोलणंही तुझंच. मी तोंड उघडणार नाही, बाप्पा."

त्यांनी दोन्ही कुल्हड खिडकीबाहेर रिकामे केले आणि गाडी काढली. एवढ्या वेगाने ते एरवी चालवत नाहीत.

अर्ध्याहून अधिक शेत नांगरून झाले होते. काळसर, उलटलेल्या मातीचा पट्टा उंचवट्याकडे सरकत होता आणि ट्रॅक्टर वळून पुन्हा तिकडेच येत होता. वर टिटवी ओरडत होती. इंजिनाच्या आवाजात ती फक्त चोच उघडताना दिसत होती. बांधावर, हातात काठी घेऊन, लाल ओढणीतली एक म्हातारी बाई उभी होती. आयुष्यभर मी सभेत हात वर करायला लाजले. त्या दिवशी दोन्ही हात वर करून ढेकळांतून धावले आणि ट्रॅक्टरच्या समोर जाऊन उभी राहिले.

चालकाने ट्रॅक्टर थांबवला. "मरना है क्या, मैडम?"

"अंडे हैं," मी म्हणाले. त्याहून अधिक हिंदी त्या क्षणी मला येत नव्हते.

आजी काठी टेकत आल्या. "थे कुण छो?" त्यांनी विचारले. तुम्ही कोण? साधा प्रश्न, पण त्यात तीन दिवसांची भीती होती, आणि ती भीती मी तयार केली होती.

मागे वळून पाहिले. यजमान बांधावर उभे होते, ओठ घट्ट मिटून. मग मी सांगितले. मोडकेतोडके, हिंदीत, मध्येच मराठीत घसरत. पण सगळे सांगितले. झंडी कोणत्याही खात्याची नाही. कुणीही तुमचे शेत मोजायला आलेले नाही. मी फोटो काढते. टिटवीची अंडी होती. रुमाल माझा आहे. माझी चूक झाली, मला माफ करा.

आजींनी काठीने माझ्या गळ्यातल्या कॅमेऱ्याकडे दाखवले. मग म्हणाल्या, "फोटू खातर?"

"जी."

"म्हे तीन रात सूं सूती कोनी." तीन रात्री त्यांना झोप नव्हती. "आणि ह्या बाईने फोटोसाठी?" हे त्यांनी त्यांच्या बोलीत म्हटले, मला नव्हे, ट्रॅक्टरवाल्याला, आणि काठी दोनदा जमिनीवर आपटली. मला वाटले आता शिव्या पडतील. पडल्या असत्या तर बरेच वाटले असते. पण आजींनी वर पाहिले, ओरडणाऱ्या टिटवीकडे, आणि विचारले, "कठे छै?" कुठे आहेत?

आणि इथे माझ्या लक्षात आले की ते मला ठाऊक नाही. खूण उपटलेली होती. निम्मे शेत उलटले होते. उंचवटा दिसत होता. पण उंचवट्यावर हजारो खडे होते, आणि त्यांतले चार खडे नव्हते, अंडी होती. शोधत फिरावे तर पायाखालीच यायची. ट्रॅक्टरवाला म्हणाला, नांगरात गेली असतील, आता कशाला शोधता. मी कॅमेरा सुरू केला. का, ते सांगता येत नाही. नजर लपवायला मला तेवढीच जागा होती.

पडद्यावर चार छायाचित्रे होती. चार दिशांची. पहिल्यात अंड्यांच्या बरोबर मागे विजेचा खांब होता आणि खांबाच्या डाव्या अंगाला खेजडी. दुसऱ्यात देवळावरचा ध्वज पाण्याच्या टाकीला चिकटून दिसत होता. सर्वेक्षकांना मी सांगत असे तसे: वस्तू मधोमध, आणि पाठीमागे न हलणारे काहीतरी.

"कोई मत हिलना," मी म्हणाले. माझा आवाज एवढा मोठा आहे हे मला माहीत नव्हते.

खांब आणि खेजडी छायाचित्रातल्यासारखी दिसेपर्यंत मी एकेक पाऊल सरकत गेले. मग त्या रेषेवरून ध्वज टाकीला चिकटेपर्यंत पुढे. प्रत्येक पाऊल टाकण्याआधी खाली वाकून पाहायचे. घाम डोळ्यांत जात होता. ध्वज टाकीला लागला तेव्हा मी जागच्या जागी बसले आणि हात पुढे केला, तो जमिनीला न लावता.

चारही होती. नांगराची शेवटची रेघ तिथून दोन हातांवर थांबली होती.

मी रडले, हे लिहायला संकोच वाटतो, पण रडले. आजी येऊन शेजारी उकिडव्या बसल्या. त्यांनी अंडी मोजली, उंचवटा पाहिला आणि त्यांच्या चेहऱ्यावरची भीती ओसरली. टिटवीने उंचावर अंडी घातली की पाऊस चांगला होतो. चार अंडी म्हणजे चारही महिने, असे त्या म्हणाल्या. मग माझ्या कॅमेऱ्यात डोकावल्या, छायाचित्रातल्या पेनावर बोट ठेवले आणि गंभीरपणे विचारले:

"अर यो पाँचवों कुण दियो?"

हे पाचवे अंडे कुणी घातले! ट्रॅक्टरवाला खो खो हसला. बांधावर यजमानांनी पाठ फिरवली होती. त्यांचे खांदे हलत होते.

चालकाने एका बाजेएवढा तुकडा सोडून बाकीचे शेत नांगरले. आजींनी त्या तुकड्याभोवती बोरीच्या काटेरी फांद्या लावल्या, पक्ष्याला चालत आत येता येईल एवढी फट ठेवून. मग आम्ही सगळे खेजडीखाली जाऊन बसलो आणि वाट पाहिली. यजमानांनी आता तोंड उघडले होते आणि आजींच्या घरातल्या सगळ्यांची चौकशी पूर्ण होत आली होती. मी ऐकत नव्हते. टिटवी दोनदा उतरली आणि दोनदा उडाली. मला वाटले, आपण उशीर केला. तिसऱ्यांदा ती फटीपाशी उतरली, थांबली, लांब पिवळ्या पायांनी चालत आत गेली, आणि अंगाखालची पिसे फुलवून बसली.

"ल्यो, ल्यो, फोटू ल्यो!" आजी मला ढोसत होत्या.

"राहू दे," मी मराठीतच म्हणाले. "बसू दे तिला." आजींना ते कळले असावे.

निघताना आजींनी ओढणीच्या टोकाची गाठ सोडली. आत माझा हातरुमाल होता, चौघडी केलेला. त्यांनी तो फेकला नव्हता. पटवारी आला तर दाखवायला जपून ठेवला होता. दावे विभागात माझ्याकडे अशी माणसे असती तर काम हलके झाले असते. मला वाटले, त्या तो परत देत आहेत. मी हात पुढे केला, तर त्यांनी गाठ पुन्हा मारली. कुणी खरीच झंडी घेऊन आला, तर त्याला हा दाखवून गोष्ट सांगणार होत्या. त्याऐवजी मीच त्यांना काहीतरी द्यावे, असे त्यांचे म्हणणे पडले: त्या आपल्या शेतात उभ्या आहेत असे एक छायाचित्र. नांगरलेले दिसले पाहिजे. चारही बाजूंनी.

आजवर मी कुणा माणसाकडे तोंड करून छायाचित्र घेतले नव्हते. मध्ये काच नव्हती, वळवायला बाभूळही नव्हती. आजी ढेकळांत पाय रोवून उभ्या राहिल्या आणि ओढणी सारखी केली.

"हँसूँ क नहीं?"

माझ्या टेबलावर आलेल्या कोणत्याही छायाचित्रात हा प्रश्न कुणी विचारला नसेल. "हँसिए," मी म्हणाले.

"अर पेन?"

त्यांना पेन हवे होते. मी पर्समधून काढून दिले.

ते छायाचित्र मी मोठे करून त्यांना नेऊन दिले. एक प्रत आमच्या बैठकीत आहे. आजी मधोमध आहेत, मागे खांब आणि खेजडी, आणि उजव्या मुठीत माझे पेन सरळ धरलेले आहे, शेत केवढे आहे ते कळावे म्हणून. त्यांच्या कोपराच्या मागे, काट्यांच्या आत, एक लहानसा तपकिरी ठिपका दिसतो. घरी आलेल्या प्रत्येकाला यजमान तो दाखवतात. पंचनाम्याविषयी ते अजूनही बोलतात. फक्त आता त्यांनी मला तो चारही बाजूंनी पुरा करायची परवानगी दिली आहे, आणि गाडीची काच पूर्ण खाली घेतल्याशिवाय ते गाडी सुरू करत नाहीत.