आई नोव्हेंबरात का आली

जर्मनीतल्या वाल्डॉर्फमध्ये आम्हा सगळ्या मराठी मंडळींच्या आया मे महिन्यात येतात. भाजणी आणि मेतकूट घेऊन येतात, बाल्कनीत उन्हाला बसतात, स्वित्झर्लंडचा बर्फ बघतात आणि ऑगस्टच्या आत परत जातात. माझी आई नोव्हेंबरात आली. विमानतळावर तिच्या पाठीला सिंहगडावर न्यायची सॅक होती, दुसरं सामान काहीच नाही, आणि मला बघून पहिलं वाक्य काय, तर "स्वित्झर्लंड नको. जिथं कुणी जात नाही अशा गावांतून मला पायी फिरव." मी तिथेच सावध झाले. मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. संशय घेण्याचाच मला पगार मिळतो, आणि आईच्या बाबतीत मी तो फुकटही घेते.

गेल्या पावसाळ्यात आई पुण्याच्या घरी बाथरूममध्ये पडली होती. मनगट मोडलं. बाबा जाऊन बरीच वर्षं झाली, मला भाऊ-बहीण नाही, माझा स्वतःचाही संसार नाही. त्याच आठवड्यात मी ठरवलं, नोकरी सोडायची आणि आईला सांभाळायला पुण्याला जायचं. ऑफिसात सांगितलं, इथल्या मराठी मंडळींना सांगितलं. सगळे म्हणाले, किती गुणाची मुलगी. आईला फोनवर सांगितलं तर ती नुसतं "बघू" म्हणाली. कुंडिगुंग, म्हणजे राजीनामा, नोव्हेंबरअखेरीस द्यायचा होता. आणि त्याच महिन्यात ही बाई सॅक घेऊन हजर.

काही दिवस माझ्या घरी राहून ट्रेनने आम्ही बव्हेरियाच्या पार टोकाला गेलो आणि सीमेपलीकडे, चेक बाजूच्या दोमाझ्लित्से गावात उतरलो. लांबलचक चौक, दोन्ही बाजूंना कमानी, आणि कमानींखाली चिटपाखरू नाही. जर्मनीत हॉटेलांचा आठवड्यातून एखादा रूहेटाग, म्हणजे बंदचा दिवस असतो, इथे अख्ख्या गावालाच सुट्टी दिलेली. ज्या घरात खोली घेतली तिथल्या मालकिणीने आमचे पासपोर्ट उलटसुलट करून पाहिले. दोन भारतीय बायका, एक साठीच्या पुढची, नोव्हेंबरात पाठीवर ओझी घेऊन फिरतायत, म्हणजे भानगड असणारच, असं तिला वाटलं असावं. मला तिचा राग आला नाही. मलाही तेच वाटत होतं.

सकाळी जाग आली तर आईचा पलंग रिकामा. मी मोजे न घालताच बूट चढवून चौकात धावले. ती बेकरीत उभी होती, बोटाने खुणा करून काहीतरी घेत होती, आणि काउंटरवरची बाई तिच्याशी खुशाल चेकमध्ये बोलत होती. मी हाशहुश्श करत आत शिरले तर आईने एक गोल पाव माझ्या हातात ठेवला. "खसखस आहे गं आत, अनारशाला लावतो ती," म्हणाली. मी म्हटलं, सांगून जायला काय होतं तुला? "तू झोपली होतीस," ती म्हणाली, आणि माझ्या पायांकडे बघून, "मोजे घाल आधी."

पुढेही तेच. सॅक मला उचलू देईना. तिकीट स्वतः काढणार, रस्ता स्वतः विचारणार, तोही मराठीत. स्टेशनचे जिने कठडा न धरता चढून दाखवणार. दाखवणारच म्हणायचं, कारण वर पोचली की मागे वळून मी बघतेय का ते बघायची. रात्री खोलीत दशमी आणि दाण्याची चटणी खाताना मात्र ती मला न्याहाळत बसायची. ती अंघोळीला गेली तेव्हा मी तिची औषधांची पिशवी उघडून पाहिली. नेहमीच्याच गोळ्या. पण लपवायचंच असेल तर ती काय पिशवीत ठेवणार आहे?

क्लातोवी नावाच्या पुढच्या गावात बघण्यासारखा मनोरा होता, तो बंद होता. चर्चखालचं तळघर तेवढं उघडं होतं. तिथे जुन्या काळच्या धर्मगुरूंचे देह वाळून तसेच राहिले आहेत. आई तिथे बराच वेळ उभी राहिली. मला राहवेना. माझी खात्रीच पटली की हिला काहीतरी मोठं दुखणं निघालंय आणि ही शेवटचं फिरून घेतेय.

"आई, डॉक्टरांनी काही सांगितलंय का?"

"कशाबद्दल?"

"तुझ्याबद्दल. मला खरं सांग."

ती हसायला लागली. त्या वाळलेल्या माणसांसमोर, चांगली खो खो. "काही झालेलं नाही मला," म्हणाली. "डोकं फिरलंय तुझं. चल, भूक लागली." आणि बाहेर येऊन तिने तळलेलं चीज मागवलं, बटाट्यासकट संपवलं. माझा संशय गेला नाही. उलट वाढला.

परतताना सीमेवर, फुर्थ इम वाल्ड स्टेशनात, जर्मन पोलीस डब्यात चढले. तरुण पोलिसाने आईचा पासपोर्ट पाहिला आणि इंग्रजीत विचारलं, पर्यटनाला आलात का, या दिवसांत? आई म्हणाली, नाही, मी माझ्या मुलीची चौकशी करायला आलेय. तो हसून पुढे गेला. मला हसू आलं नाही.

"माझी कसली चौकशी?"

आईने पासपोर्ट आत ठेवला. "तुझ्या घरी राहिले, इतके दिवस तुझ्याबरोबर फिरले. तुला फोन आला तो फक्त पार्सलवाल्याचा. तू कुणाला फोन केला नाहीस. गावाला चाललेय हेसुद्धा कुणाला सांगावं लागलं नाही तुला."

ट्रेन हलली.

"मनगट जुळलंय माझं," ती म्हणाली. "भाजी मी आणते, जिने मी चढते, परक्या मुलखात पाव मी विकत घेते, बघितलंस ना? मला सांभाळायला कुणी नकोय. आता सांग, मी पडले नसते तर तू आली असतीस का पुण्याला?"

मला खोटं बोलता आलं असतं. पण ती समोर बसली होती.

"यायचं तर केव्हापासूनच होतं, कारण सापडत नव्हतं," मी म्हटलं आणि मला रडू फुटलं. डब्यात लोक होते, मला खूप लाज वाटली, तरी थांबेना.

"मग ये की," आई म्हणाली. "पण माझ्या हाताच्या नावावर नको येऊस. मी उद्या मेले तर तुला वाटेल, आपण उगाच आलो."

सोमवारी मी बॉसला राजीनामा दिला. आल्झो, असं आहे तर, तो मान हलवत म्हणाला, आईसाठी चालली आहेस, कळतं मला. मी म्हटलं, नाही, आई ठणठणीत आहे. मला इथे करमत नाही.