खाकी कव्हर

आइंडहोवनच्या बसमध्ये रोज एक म्हातारा इंग्रज कादंबरी वाचत बसलेला असायचा. प्रत्येक पुस्तकाला खाकी कव्हर. एकदा मी म्हटलं, "शाळेत आम्हीही घालायचो, कोपरे दुमडू नयेत म्हणून."

कव्हरवरून अंगठा फिरवत तो हसला. "माझ्या तरुणपणी इंग्लंडात पुरुषाने पुरुषावर प्रेम केलं की तुरुंग. तसल्या कादंबऱ्या झाकूनच वाचायचो. कायदा केव्हाच बदलला, हाताची सवय काही जात नाही."

मी पन्नाशीला आलो, तरी माझीही गेली नव्हती. त्या रविवारी पुण्याहून आईने फोनवर नेहमीसारखं विचारलं, "रूममेट बरा आहे ना तुझा?"

"आई, तो रूममेट नाही. आमचा संसार आहे."

ती म्हणाली, "इतकी वर्षं त्याच्याकडे फोन का नाही दिलास?"