पाळण्यांचं वेळापत्रक

माझ्या मोठ्या नणंदबाईंनी उभ्या आयुष्यात एक मिनिट वाया घालवलेलं नाही, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे आजूबाजूच्या कुणाला घालवू दिलेलं नाही. मुलुंडला आमच्या मागच्याच गल्लीत त्या एकट्या राहतात. एकतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, पण त्यांच्या जुन्या विद्यार्थिनी भेटतात तेव्हा भूगोल कुणाला आठवत नाही, ताईंचं वेळापत्रक आठवतं. शाळेचं वेळापत्रक त्या एकहाती करायच्या. गणित जेवणाच्या सुट्टीनंतर नाही, इतिहास पीटीनंतर नाही कारण मुली पेंगतात, आणि ज्या दोन बाईंचं आपसात पटत नाही त्यांचा ऑफ तास एकाच वेळी कधीही नाही. मुख्याध्यापक पाच बदलले, वेळापत्रकवाली बाई एकच राहिली. मध्ये एकदा हे काम कॉम्प्युटरला दिलं, तर त्याने एका सरांना एकाच वेळी दोन वर्ग दिले. ताई म्हणाल्या, "सरांना एक वर्ग सांभाळता येत नाही हे त्याला कुणी सांगितलं नसेल." दुसऱ्या दिवशी काम पुन्हा त्यांच्याकडे आलं.

निवृत्त झाल्यावर माणूस वेळापत्रक सोडतो. ताईंनी ते घरोघरी नेलं. गणपतीत मुलुंड ते घाटकोपर अकरा घरचे गणपती आम्ही एका संध्याकाळात करतो, आणि ते करता येतात याचं कारण ताई. कुणाकडे चहा, कुणाकडे नुसतं खडीसाखरेवर भागतं, कुणाच्या बिल्डिंगची लिफ्ट बंद असते, हे सगळं धरून क्रम ठरतो. प्रत्येक घरी बारा मिनिटं. मागच्या वर्षी भांडुपच्या मावशींनी गुडघ्याच्या ऑपरेशनची गोष्ट काढली, तर ताई नमस्कार करून उठल्या आणि म्हणाल्या, "पुढच्या वर्षी इथूनच सुरू करू." मावशींनी खरंच यंदा तिथूनच सुरू केलं. सुपरमार्केटात त्या दुकानाच्या रांगांप्रमाणे यादी लिहून नेतात आणि दुसऱ्यांच्या ट्रॉलीत डोकावतात. एका अनोळखी गृहस्थांना त्यांनी सांगितलं होतं की आइस्क्रीम आधी घेतलंत, आता डाळी बघत बसू नका. ते बिचारे खरंच डाळी न घेता गेले. लोकांना राग येतो, मलाही येतो. लग्नाला बावीस वर्षं झाली तरी ताई आल्या की मी अजून ओट्यावरचे डबे त्या म्हणतील त्या क्रमाने लावते, आणि त्या गेल्या की मुद्दाम बिघडवते.

तर गेल्या डिसेंबरात घरात ठरलं की सगळ्यांनी मिळून त्या घाटाखालच्या मोठ्या थीम पार्कला जायचं. आम्ही नवरा-बायको, आमची मुलगी, दीर-जाऊ, त्यांच्या दोन मुली आणि ताई, असे आठ जण. ठरल्याच्या तिसऱ्या दिवशी ताईंनी कामाला सुरुवात केली. पार्कच्या चौकशीच्या नंबरवर फोन करून एका पाळण्यात किती माणसं बसतात आणि एक फेरी किती मिनिटांची हे विचारलं. पलीकडची मुलगी म्हणाली, "मॅडम, आप आके एन्जॉय कीजिए ना." ताई म्हणाल्या, "बेटा, एन्जॉय करनेके लिएही पूछ रही हूँ." तासाभराने तिचा उलट फोन आला आणि तिने सगळे आकडे दिले. त्यावरून त्यांनी शास्त्र मांडलं. आत शिरल्यावर सगळं जग गेटजवळच्या पहिल्याच पाळण्याला चिकटतं, म्हणून आपण थेट शेवटच्या टोकाला जायचं आणि उलट येत राहायचं. एक वाजता सगळे जेवतात तेव्हा आपण मोठ्या रांगांची कामं उरकायची. पाण्यातलं दुपारी दोनला, म्हणजे उन्हात कपडे वाळतात. आणि सगळ्यात मोठा, उलटासुलटा होणारा रोलर कोस्टर सकाळी दहा वीसला, कारण तेव्हा पोट रिकामं आणि अंगात दम असतो.

हे सगळं शाळेच्या पद्धतीने आखून, लाल-हिरव्या शाईत, झेरॉक्स काढून प्रत्येकाला दिलं. आडव्या रकान्यात वेळा, उभ्या रकान्यात आमची नावं. मी वाचत गेले आणि एका ठिकाणी अडखळले. प्रत्येक पाळण्याच्या वेळी कुणा एकाच्या नावापुढे हिरव्या शाईत 'बदली' असं लिहिलेलं. शाळेत एखाद्या बाई गैरहजर असल्या की ज्यांचा तास रिकामा त्यांनी तो वर्ग सांभाळायचा, तो बदली तास. इथे सांभाळायच्या होत्या पिशव्या. माझ्या नवऱ्याच्या नावापुढे चार वेळा, दिरांच्या दोनदा, माझ्या आणि जावेच्या एकेकदा. ताईंच्या नावापुढे एकदाही नाही.

मी म्हटलं, "ताई, तुम्ही तर शाळेच्या सहलीला दर वर्षी जायचात. सगळ्यात भारी राइड कुठली?"

"मला काय माहीत," त्या म्हणाल्या. "दीडशे मुलींचा क्रम मी लावायचे आणि दीडशे पिशव्या घेऊन बाकावर बसायचे. याच पार्कात नऊ वेळा गेलेय. बाक कुठले सावलीत आहेत ते विचार, तेवढं सांगते."

हे त्या अजिबात रडक्या सुरात म्हणाल्या नाहीत, बाजारभाव सांगावा तसं म्हणाल्या. म्हणूनच मला जास्त लागलं. कारण शाळा सोडा, आमच्याही प्रत्येक सहलीत, लग्नात, समुद्रावर, सगळ्यांचे चष्मे, चपला, मोबाइल आणि पाण्याच्या बाटल्या ताईंच्या मांडीवर असायच्या, आणि त्या ठेवणाऱ्यांत मी होतेच.

माझ्या नवऱ्याने मात्र कागद बघून डोळे मोठे केले. "ताई, तू कोस्टरमध्ये? अडुसष्ट वर्षं झाली तुला. वेड लागलंय का?"

ताईंनी प्लास्टिकच्या फोल्डरमधून डॉक्टरांची चिठ्ठी काढली. "हृदय, पाठ, मान, तिन्ही तपासून घेतलंय. तू घेतलंस?"

त्याने घेतलं नव्हतं. विषय तिथे संपला असं आम्हाला वाटलं.

आता माझा गुन्हा. वेळापत्रकाच्या तळाला 'डबा नाही' असं लिहून त्याखाली दोनदा रेघ मारली होती, कारण पार्कात बाहेरचं खाणं नेऊ देत नाहीत. पण आठ माणसं दिवसभर बाहेर जाणार आणि बरोबर घरचं काही नाही, ही कल्पना मला सहन होईना. पहाटे उठून मी साठ पुऱ्या आणि बटाट्याची सुकी भाजी केली, वर श्रीखंडाचा डबा भरला, आणि सगळं टॉवेलांच्या खाली लपवलं. गेटवर पिशव्या तपासणाऱ्या गार्डने पहिला टॉवेल उचलला. तो सज्जन होता, म्हणाला, "मॅडम, गाडीत ठेवून या." गाडी आम्हाला सोडून दूरच्या पार्किंगला गेलेली. फेकून द्या असं तो म्हणाला नाही, पण बाजूच्या कचऱ्याच्या डब्याकडे त्याची नजर गेली, आणि माझा नवरा म्हणाला, "अन्न टाकायचं नाही हां." दीर म्हणाले, बरोबर आहे. मग आम्ही सात जण सकाळी पावणेदहा वाजता, थीम पार्कच्या गेटबाहेर, फुटपाथच्या कडेला मांडी घालून साठ पुऱ्या संपवायला बसलो. ताई घड्याळ बघत उभ्या होत्या. विसाव्या मिनिटाला त्यांनीही एक पुरी घेतली आणि एवढंच म्हणाल्या, "भाजीत मीठ कमी आहे." मला वाटतं, त्यांनी मला मारलं असतं तर बरं वाटलं असतं.

चाळीस मिनिटं गेली. शिवाय श्रीखंड खाल्लेली माणसं उलटी टांगण्याच्या लायकीची राहत नाहीत. ताईंनी कागद उलटा केला, गुडघ्यावर ठेवला आणि पेन्सिलीने सगळं नव्याने लावलं. मी माफी मागायला गेले तर म्हणाल्या, "वेळापत्रक मोडलं की रडायचं नसतं, पुढचा तास घ्यायचा. आधी ती झुकझुक गाडी करू, तोवर तुमच्या पुऱ्या खाली बसतील." दहा वीसचा कोस्टर गेला तो थेट शेवटी, संध्याकाळी पाच दहाला. सहाला रांग बंद होणार होती. म्हणजे दिवसभरात आणखी एक घोळ झाला असता तर ताईंचा नंबर पुन्हा हुकला असता, तोही माझ्या पुऱ्यांमुळे. त्या दिवशी मी लोकांना जेवढं पिटाळलं तेवढं ताईंनीही पिटाळलं नसेल. जावेला बाथरूममध्ये वेळ लागला तेव्हा मी दार वाजवलं. पुतण्यांना सेल्फी काढू दिले नाहीत. मुलगी म्हणाली, "आई, तू आत्या झालीयस यार." मी म्हटलं, चल पुढे.

बदली तासांचंही सांगायला हवं. माझा नवरा पहिल्यांदा पिशव्या घेऊन बाकावर बसला तेव्हा पाचव्या मिनिटाला त्याचा फोन आला. "किती वेळ आहे अजून? आणि ही गुलाबी पिशवी कुणाची, त्यातून काहीतरी गळतंय." दुसऱ्या वेळी त्याने बाजूच्या बाईंशी गप्पा मारून बघितल्या. तिसऱ्या वेळी तो नुसताच गप्प बसून होता आणि आम्ही परतल्यावर कुणाकडेही न बघता त्याने विचारलं, "ताई हे इतकी वर्षं करत होती?" मला वाटलं, गडी सुधारला.

सवय अशी जात नाही. पाच वाजता आम्ही कोस्टरखाली पोचलो तेव्हा सगळ्यांचे पाय बोलत होते. रांगेच्या तोंडाशी पाटी होती, अंदाजे पस्तीस मिनिटं. नवऱ्याने वर बघितलं, खाली बघितलं, आणि खांद्यावरची पिशवी काढून अगदी मायेने ताईंच्या खांद्याला अडकवली. "ताई, तू दमलीस. तू बस इथे सावलीत सगळं घेऊन. आम्ही पटकन जाऊन येतो."

त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. चाळीस वर्षं हेच वाक्य म्हटलं जात होतं, कुणी ना कुणी म्हणायचं. ताईंनी पिशवीचा पट्टा खांद्यावरून काढला आणि पिशवी त्याच्या पायाशी ठेवली. मग माझ्या खांद्यावरची घेऊन ठेवली, मग दिरांच्या.

"पाच दहाचा तास माझा आहे," त्या म्हणाल्या. "तुझा बदली आहे. बस."

"अगं, काही झालं म्हणजे?"

"झालं तर झालं. बाकावर बसून माणसाला काही होत नाही असं तुला कुणी सांगितलं?"

तो माझ्याकडे बघायला लागला, मी काहीतरी समजुतीचं बोलेन म्हणून. बावीस वर्षं मी बोलत आलेय. त्या दिवशी मी चपला काढून त्याच्या पिशव्यांवर ठेवल्या आणि ताईंच्या मागे रांगेत शिरले. मला त्यांचा इतका अभिमान वाटला की डोळ्यांत पाणी आलं, आणि स्वतःची लाजही वाटली, पण ती नंतरसाठी ठेवली.

गाडीच्या पहिल्या रांगेत आम्ही दोघी शेजारी. पट्टे तपासणारा पोरगेला माणूस म्हणाला, "आजी, पक्का ना?" ताईंनी त्याला डॉक्टरांची चिठ्ठी दाखवली आणि म्हणाल्या, "आजी नाही, बाई म्हण." तो खरंच "ओके बाई" म्हणाला. गाडी चढायला लागली. पुढचं मला नीट सांगता येणार नाही, मी डोळे मिटून घेतले होते. पण उलटं झाल्यावर माझ्या शेजारून हसण्याचा आवाज आला, मोठा, घोगरा, थांबायचं नाव न घेणारा, आणि तो कुणाचा ते कळायला मला एक पूर्ण वळसा लागला. इतक्या वर्षांत ताईंना मी असं हसताना ऐकलं नव्हतं.

उतरल्यावर त्यांचा अंबाडा सुटलेला होता. मी विचारलं, "कशी होती?"

"फोनवरच्या मुलीने फेरी दोन मिनिटांची सांगितली होती. चूक आहे ते."

"मग किती मिनिटांची?"

"माहीत नाही," ताई म्हणाल्या. "घड्याळ बघायचं राहिलं."

बाहेरच्या वाटेवर बाकांची रांग होती. नऊ सहलींत मोजून ठेवलेले बाक असावेत, पण ताई थबकल्या त्या बसलेल्यांकडे बघून. एकेका बाकावर एकेक बाई, मांडीवर पिशव्या, हातात दुसऱ्याचे चष्मे. माझा नवरा सोडला तर सगळ्या बायका. टोकाला साठीच्या एक बाई बसल्या होत्या, नऊवारीत, सहा पिशव्या आणि लहान मुलांचे बूट घेऊन. ताई सरळ त्यांच्यापाशी गेल्या. "तुम्ही बसलात का कशात?"

"नको गो बाय," त्या हसल्या. "माका भय वाटता."

आमचं मूळ मालवणकडचं, पण ताई शाळेच्या भाषेखेरीज बोलत नाहीत. त्या दिवशी बोलल्या. "भय वाटता की सवय नाय?"

बाईंनी मांडीवरचे बूट सारखे केले. मग म्हणाल्या, "ह्येंका इचारूक व्हया."

"ते खंय आसत?"

बाईंनी बोट वर केलं.

"मगे वर जा नि इचार. सहा वाजूक धा मिनिटां आसत. पिशये माझ्याकडे दी."

माझा नवरा म्हणाला, "ताई, सव्वासहाला गाडी येणार आहे, तूच लिहिलंयस." ताईंनी त्याच्याकडे बघितलंही नाही. बाईंनी पिशव्या एकेक करून दिल्या, बूट दिले, पाकीट मात्र कमरेला खोचलं, आणि कासोटा सारखा करत रांगेकडे निघाल्या. दोनदा मागे वळून बघितलं. ताईंनी हातानेच जा म्हटलं आणि बाकावर बसल्या, परक्या माणसांच्या सहा पिशव्या मांडीवर घेऊन. सव्वासहा वाजले. ड्रायव्हरचा फोन आला, नवऱ्याने त्याला थांब म्हणून सांगितलं आणि तोही येऊन ताईंशेजारी टेकला. मीही टेकले.

वर शेवटची फेरी निघाली. ताई मान वर करून बघत होत्या. मग माझ्या हाताला हात लावून त्यांनी हळूच विचारलं, "तिचा आवाज येतोय का गं तुला?"

वीस-बावीस माणसं एकदम ओरडत होती, त्यातून एक आवाज कसा वेगळा काढणार. मी म्हटलं, "हो ताई, येतोय."