यादीत नसलेलं मेंढरू

सोमवारी सकाळी दहा वाजता आमच्या ऑफिसात सगळे उभे राहतात. बसायचं नाही, असा नियम. भिंतीवर मोठा टीव्ही आहे. आपण लिहिलेला प्रोग्राम सर्व्हरवर नीट उभा राहिला की नाही, ते त्यावर दिसतं. हिरवं म्हणजे जमलं, लाल म्हणजे फसलं. त्या सोमवारी लाल होतं.

आमचा टीम लीड कॉफीचा मग घेऊन टीव्हीसमोर आला. माझ्याकडे बघून म्हणाला, "हे काम तुझंय ना? का अडकलंय?"

मी म्हणाले, "सर, लॉक फाईल नाहीये. म्हणून थांबलंय."

"माझ्या लॅपटॉपवर तर चालतंय."

मग तो बाकीच्यांकडे वळला. "हिचं कसंय, माहितीय का? मेंढरं जाळीत कोंडायची. हे आत, ते बाहेर. एवढंच कळतं. अरे, आमच्याच शेतात बसायची ह्यांची मेंढरं. खताला."

सगळे हसले.

मी पण हसले.

हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं सांगताना मला शूर दिसायचा मोह होईल.

त्यानं सांगितलं ते खोटं नव्हतं. आम्ही धनगर. आमचं गाव देवगाव रंगारीच्या पलीकडे. सुगी संपली की माय-बाप मेंढरं घेऊन रानोमाळ फिरायचे. मोठ्या शेताचा मालक बोलावणं धाडायचा. मेंढरं चार दिवस त्याच्या रानात बसायची, लेंड्या पडायच्या, रान कसदार व्हायचं. लीडच्या आजोबांचं रान असंच होतं, विहिरीसकट, नजर पोचेल तिथपर्यंत. मी सात-आठ वर्षांची असेन. तहान लागली म्हणून त्यांच्या ओट्यावर चढले, तर आतून आवाज आला, "खाली उतर. लेंड्यांचा वास येतो."

खत पाहिजे, वास नको. मोठ्या घरांचं सगळं असंच.

त्याच घरचा नातू पुण्याला शिकून आला आणि माझा साहेब झाला. मी सरकारी कॉलेजातून आले. कामात तो माझ्या पुढं आहे असं कुणी म्हणत नाही, तोही म्हणत नाही. तो फक्त पुढं उभा राहतो. लहानपणापासून सवय आहे त्याला.

आता ती लॉक फाईल काय ते सांगते. आम्ही जो प्रोग्राम लिहितो त्यातलं आमचं स्वतःचं थोडंच असतं. बाकी शेकडो तयार पॅकेजेस, जगात कुणी कुणी लिहिलेली. ती आणून लावायचं काम पॅकेज मॅनेजर करतो. कोणतं पॅकेज, नेमकं कोणत्या व्हर्जनचं, ही यादी म्हणजे लॉक फाईल. आपण कोड पाठवला की सर्व्हरवर एक कोरं मशीन सुरू होतं. ते यादी वाचतं, पॅकेजेस आणतं, चाचण्या घेतं आणि मगच माल पुढं सोडतं. त्या मशीनला कुणाचा बाप कोण, ते ठाऊक नसतं. म्हणून मला ते आवडतं.

आणायच्या कमांड दोन. एक कडक. यादीत आहे तेच घेणार, यादी जुळली नाही की जागेवर थांबणार. दुसरी सैल. यादी नसली तर स्वतःच्याच मनानं नवी बनवणार आणि पुढं जाणार. मी कडक लावली होती. ते शहाणपण मी कॉलेजात शिकले नाही.

माझी माय मेंढरं मोजत नाही. मोजली की दृष्ट लागते म्हणते. ती ओळखते. कानावर पांढरा ठिपका, एक शिंग वाकडं, चालताना मागचा पाय टाकायची तऱ्हा. वाटेत दुसऱ्याचा कळप भेटला आणि त्यातलं एखादं आमच्यात घुसलं, तर माय तिथंच सगळा कळप थांबवते. घुसलेलं मेंढरू आमच्यापेक्षा धट्टंकट्टं असलं तरी बाहेर. त्याला काय रोग आहे, कुणाचं दूध पिऊन वाढलंय, कुणास ठाऊक.

आणि आमचा लीड? त्याला यादी म्हणजे कटकट. लॅपटॉपवर एखादं नवं पॅकेज घेतलं की यादीत भांडण लागायचं, ते सोडवायचा कंटाळा. मग हा गडी यादीच पुसून टाकायचा आणि उरलेलं पाठवून द्यायचा. सर्व्हर थांबला की माझ्या नावानं शिमगा. नाचता येईना, अंगण वाकडं. आणि अंगण झाडणारी मी.

सभा संपल्यावर तो माझ्या टेबलापाशी आला. "सैल कमांड लाव. शुक्रवारी नव्या भागाचा डेमो आहे. एखादं व्हर्जन पुढं-मागं झालं तर काय बिघडतं?"

मी लावली. माझ्या हातांनी. कारण तासाभरापूर्वी मी हसले होते, आणि एकदा हसलेल्या माणसाला नाही म्हणता येत नाही. बदल पास करायचा अधिकार लीडचा. त्यानं न वाचताच पास केला. टीव्ही हिरवा झाला. त्यानं समोसे मागवले आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "आता शिकलीस."

मी तो समोसा खाल्ला.

गुरुवारी दुपारी फोन आला. आमचं ॲप एका डायलिसिस सेंटरसाठी होतं. पेशंटला मोबाईलवर पाळीची वेळ कळते, तो त्या वेळेला येतो, एवढं साधं. सोमवारी तयार झालेला प्रोग्राम, म्हणजे बिल्ड, बुधवारी रात्री त्या मोबाईलवर गेला होता. फोनवर तिथल्या सिस्टर होत्या. आवाज रडकुंडीला आलेला.

"ताई, वेरूळकडच्या एक आजी आल्यात. पाळी सकाळी सहाची होती. मोबाईलमधी साडेबारा दिसलं, म्हणून आत्ता आल्या. इथं मशीनवर दुसरा पेशंट हाय. पाय लई सुजलेत त्यांचे. मी काय सांगू त्यांना?"

मागून म्हातारीचा आवाज येत होता. ती भांडत नव्हती. "चुकलंच असंल आमचं," असं लेकाला म्हणत होती.

ते ऐकून मला सोमवार आठवला. ही बाई पण एका परीनं हसतच होती की. माझ्यासारखीच. दुसऱ्याची चूक आपल्या पदरात बांधून घेत.

कारण सापडायला दहा मिनिटं लागली. सोमवारच्या बिल्डची नोंद उघडली, त्याआधीची उघडली, दोन्ही शेजारी ठेवल्या. तारीख-वेळ सांभाळणारं एक छोटं पॅकेज कुणी न मागता नव्या व्हर्जनचं आलं होतं. ते आपली घड्याळं इंग्लंडच्या वेळेवर धरत होतं. साडेपाच तासांचा फरक. सकाळी सहाचे रात्रीचे साडेबारा झाले, आणि म्हातारीनं ते दुपारचे समजले. रात्री साडेबाराला डायलिसिसला कोण बोलावतं? तीच शहाणी होती. मी जुनी यादी परत आणली, कडक कमांड लावली, दोन वाजायच्या आत सगळं जागेवर आलं. आजींना संध्याकाळी मशीन मिळालं, असं सिस्टरनं कळवलं.

तीन वाजता लीडनं मला मेल पाठवला. त्यात माझ्या नावानं लिहिलेला मजकूर तयार होता. "माझ्या निष्काळजीपणामुळे व परवानगी न घेता केलेल्या बदलामुळे…" चार ओळी. खाली माझं नाव टाकून ठेवलेलं. चोराच्या उलट्या बोंबा, त्याही टाइप करून.

"चारच्या मीटिंगमध्ये क्लायंटसमोर वाचून दाखव," तो म्हणाला. "तुझं नाव लहान आहे, तुझ्यावर जास्त येणार नाही. माझ्यावर आलं तर टीम जाते. पुढचं मी बघतो."

हे वाचलं असतं तर नोकरीला धक्का लागला नसता. आणि परवानगी न घेता पेशंटच्या वेळा बिघडवणारी बाई म्हणून माझं नाव या शहरात फिरलं असतं. पुढं कुठं कुणी मला दारात उभं केलं नसतं.

मी जिन्यात जाऊन मायला फोन लावला. मागं मेंढरं ओरडत होती. मी सगळं सांगितलं. सोमवारचंसुद्धा.

माय म्हणाली, "आपल्या मेंढरांवर हासला व्हय त्यो?"

"व्हय."

"अन् तू?"

"मी बी हासले."

तिनं एका मेंढराला हाकारलं. मग ती म्हणाली, "मंग त्याला कशाला नावं ठेवतीस? आदी तुझं तोंड बघ."

आणि फोन ठेवला. धीर दिला नाही, काही नाही. मायचं असंच असतं. पण मी जिना चढले तेव्हा मला लाज वाटत होती ती वेगळी होती. वासाची नव्हती. हसण्याची होती.

चार वाजता स्क्रीनवर क्लायंटची माणसं होती, खोलीत मॅनेजर आणि आमची टीम. लीडनं मान हलवून मला खूण केली. कामवालीला करतात तशी. मी तो मेल उघडलाच नाही. कुणी कधी काय बदललं त्याची नोंद उघडली आणि वाचली.

"सोमवारी लॉक फाईल पुसली, ती सरांनी. हे त्यांचं नाव. कडक कमांड काढून सैल लावली, ती मी. हे माझं नाव. मला कळत होतं, तरी लावली, ही माझी चूक. तो बदल पास केला सरांनी. हे पुन्हा त्यांचं नाव. परवानगी न घेता, हे खोटं आहे. मी ते वाचणार नाही."

लीडचा चेहरा उतरला. "इथं हे बोलायची गरज आहे का?" असं तो इंग्रजीत म्हणाला. राग आला की तो इंग्रजीत जातो. ओट्यावर चढल्यासारखा.

मी पुढं म्हणाले, "आणि आमची मेंढरं तुमच्या रानात बसायची. खरंय. तुमचं रान त्यांच्यामुळं पिकायचं."

कुणी हसलं नाही. फक्त चाचण्या घेणारी नाझनीन खाली बघत म्हणाली, "हौ, सोमवार कू मैं बी हसी थी. सरनेच सैल करने कू बोले, मैं बाजू में बैठी थी." तेवढंच. पण ती बोलली.

पुढं काय झालं विचाराल, तर न्याय वगैरे काही झाला नाही. लीड लीडच आहे. क्लायंटला सांगितलं गेलं की "प्रक्रियेत त्रुटी होती." प्रक्रिया बिचारी मुकी, तिच्या नावावर काहीही खपतं. मला मात्र एचआरचं पत्र आलं. वरिष्ठांशी बोलण्याच्या पद्धतीबद्दल लेखी माफी मागावी. ते पत्र माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. उत्तर दिलेलं नाही. देणार नाही.

या सोमवारी सकाळी टीव्ही पुन्हा लाल. यादी पुन्हा पुसलेली, नाव तेच. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. उभं राहायची सभा झाली, यावेळी कुणी मेंढरांचं नाव काढलं नाही. नंतर तो माझ्या टेबलापाशी आला. आवाज एकदम मऊ. "एकदाच सैल कर ना. आजच्यापुरतं."

ऑफिसात मी शहरी बोलते. सात वर्षं जपून बोलले. या वेळी तोंडातून गावचं आलं, आणि मी ते येऊ दिलं.

"नाय. यादी घिऊन या."

तो उभा राहिला. मी माझं काम करत राहिले. ती जागा माझी असेतो यादीत नसलेलं काही आत जाणार नाही, मग ते पॅकेज असो की कुणाचं तयार केलेलं खोटं. काढायचं असेल तर मला काढा. मी हसत जाणार नाही.

टीव्ही अजून लाल आहे. राहू दे.