पांढऱ्या झाकणाचे दोन डबे

घरात तिला सगळे कोठारवाली म्हणायचे आणि ती चिडायची नाही. चिडायचं कशाला, खरंच होतं ते. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्त तपासायची तिची नोकरी, ड्युटीच्या वेळा रोज वेगळ्या, त्यामुळे सुट्टी मिळाली की ती पंधरा दिवसांचं रांधून फ्रीझरमध्ये ठासून भरायची. रस्से, सूप, शिजवलेले वाटाणे. मागच्या छोट्या खोलीत तांदूळ, शेवया आणि टोमॅटोचे डबे असे रचलेले की नवरा म्हणायचा, शत्रूने वेढा घातला तरी आपण सहा महिने आरामात काढू.

फ्रीझरच्या डब्यांवर ती लॅबसारखे नुसते नंबर टाकायची. कुठल्या नंबरात काय, ते एका वहीत. सासरे विचारायचे, सूनबाई, हे जेवण आहे की कुणाचे नमुने? तीही हसायची. पण एका गोष्टीत चेष्टा चालायची नाही. ज्यात शेंगदाणे, त्या डब्याला लाल झाकण. तिची लेक चिमणी, आता आठ वर्षांची, चार वर्षांची असताना दाण्याच्या एका बिस्किटाने सुजून निळी पडली होती. अँब्युलन्समधली ती वीस मिनिटं कोठारवाली अजूनही विसरली नव्हती. दाणे घरात यायचे ते फक्त सासऱ्यांसाठी. त्यांना दाण्याच्या रश्शाशिवाय चैन नाही.

त्या दिवशी सकाळी तिने सासऱ्यांचा रस्सा दोन डब्यांत भरला. लाल झाकणं संपलेली. तिने पांढरी लावली, नंबर टाकले, वहीत लिहिलं, घरात सांगते म्हणाली मनात, आणि बस दिसली म्हणून पळाली.

संध्याकाळी जादा काम गळ्यात पडलं. तिने नवऱ्याला कळवून टाकलं, फ्रीझरमधलं काहीतरी गरम करा. मग फोन लॉकरमध्ये ठेवून कामाला लागली, कारण लॅबमध्ये फोन चालत नाही. तासाभराने पेन शोधायला कोटाच्या खिशात हात घातला आणि हाताला वही लागली. फ्रीझरवर असायची ती वही!

सकाळी बसच्या घाईत तिने ती खिशातच टाकली होती. लॉकरकडे धावली. नवऱ्याचे सहा मिस्ड कॉल. सहा. उलटे फोन लावले तर कुणी उचलेना, रिंग नुसती वाजतेय. लॅबच्या मोठ्या बाईंनी तिचा चेहरा पाहिला आणि काही न विचारता जा म्हणाल्या. टॅक्सीत तिने किती वेळा फोन लावला देव जाणे. डोळ्यांपुढे फक्त चिमणीचे ते सुजलेले ओठ.

दार ढकलून आत आली तर तिघं टेबलाशी बसलेली. समोर लाल लाल गिचका.

"आई, बाबांनी भाताची खळ केलीये," चिमणी म्हणाली. तोंड टोमॅटोने माखलेलं, ओठ अगदी नेहमीसारखे.

कोठारवालीने आधी तिचा गळा चाचपला, मग गाल, मग परत गळा. "डबा कुठला उघडलात?"

"एकही नाही," नवरा म्हणाला. "काढला होता एक, पांढऱ्या झाकणाचा. पण वही सापडेना, तू फोन घेईनास. मग परत ठेवला आणि फोन आतल्या खोलीत चार्जिंगला लावून भात टाकला. जे मला कळत नाही, ते हिच्या पोटात कसं घालू?"

हाच तो माणूस, ज्याला सगळे रस्से सारखेच दिसतात म्हणून ती वर्षानुवर्षं टोमणे मारत होती.

मग तिने झाकणांचं सांगितलं. नवऱ्याचा चमचा हातातच राहिला. सासऱ्यांनी बाजूची खुर्ची ओढली. "बस गं पोरी आधी," ते म्हणाले, "आणि आजपासून मला दाण्याचा रस्सा नको."

ती बसली आणि तोंडात ओढणी कोंबून रडली, रडता रडता हसली. भात खारट होता, खालून लागलाही होता. तिने दोनदा वाढून घेतला.