आवाज जाण्याआधीची साक्ष

९ ऑगस्ट, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटे. कुंभकोणममधील घशाच्या डॉक्टरांनी बायोप्सीचा, म्हणजे घशातून काढलेल्या तुकड्याच्या तपासणीचा, अहवाल वाचला.

"स्वरयंत्राचा कॅन्सर आहे. टोटल लॅरिंजेक्टमी करावी लागेल."

संपूर्ण स्वरयंत्र काढून टाकणे, असा त्याचा अर्थ. पुढे श्वास मानेतील छिद्रातून घ्यायचा. स्वतःचा आवाज परत येत नाही.

"उशीर केला तर?"

"थोडे दिवस आवाज राहील. नंतर श्वास अडेल."

घोगरेपणावर मी दोन महिने अडुळशाचा काढा घेत होतो. तुम्ही तसे करू नका. तीन आठवड्यांत घोगरेपणा गेला नाही, तर दुर्बिणीने तपासून घ्या.

आमचे घराणे मराठी, वैष्णव. तंजावरच्या मराठा राजांच्या काळात येथे तमिळ मुलखात आलेले. मी आणि पत्नी लीला यांनी चाळिशीत बाप्तिस्मा घेतला. तेव्हापासून थोरले बंधू अण्णा यांनी आमच्या घरी पाणी घेतलेले नाही. चर्चमध्ये सर्व काही तमिळमध्ये चालते. घरची सायंप्रार्थना मात्र मी मराठीत, मोठ्याने करीत असे. लीला ऐकत असे.

निदानाच्या संध्याकाळी प्रार्थनेचे शब्द होते. ते कोणापर्यंत पोहोचत आहेत असे वाटले नाही.

प्रार्थनामंडळाचे प्रमुख ज्ञानराज घरी आले. त्यांनी कपाळाला तेल लावले, डोक्यावर हात ठेवून बराच वेळ प्रार्थना केली. भला माणूस. उठताना तमिळमधल्या आदराच्या हाकेने म्हणाले, "अय्या, सैतानाला तुमचा आवाज हवा आहे. तुम्ही स्वतः सही करून देणार?"

आमच्या मंडळात एक रीत आहे. बरे होण्याआधीच बरे झाल्याची साक्ष द्यायची. म्हणजे विश्वास पुरा होतो. ती मी रविवारी द्यावी आणि ऑपरेशन रद्द करावे, असे त्यांनी ठरवले. आभाराचे जेवणही सांगितले.

शनिवारभर मला ते पटत होते. विरोध करणाऱ्या शक्तीविषयी, म्हणजे सैतानाविषयी, मी अनेक उपदेश ऐकले होते. ती मित्राच्या तोंडून, मला हवे तेच बोलेल, अशी कल्पना नव्हती.

रविवारी मंडळासमोर उभा राहिलो. म्हणालो, "मी बरा झालेलो नाही. मंगळवारी तंजावरला ऑपरेशन आहे. प्रार्थना करा."

कोणी आमेन म्हटले नाही. मागून एक बाई पुटपुटली, "येणारं बरेपण तोंडानंच अडवलं." जेवणाच्या पंगतीत आमच्या शेजारची पाने रिकामी राहिली. पुढे रुग्णालयातही मंडळातून कोणी आले नाही.

सोमवारी तंजावरला दाखल झालो. दुपारी अण्णा बसने आले. पिशवीत तीर्थाची बाटली होती.

"वाळलास की रे. तुझा देव जेवायला घालत नाही?"

"घालतो. गिळता येत नाही."

"हे घे. एक घोट. कोणाला कळणार आहे?"

"मला कळेल, अण्णा."

"हट्टी. आधीच बोलायचास कमी, आता तर निमित्तच मिळालं."

ते रागावून निघतील असे वाटले. ते स्टूल ओढून बसले.

संध्याकाळी डॉक्टरांनी संमतिपत्र आणले. मी सही केली. नंतर सायंप्रार्थना मराठीत, जमेल तेवढ्या मोठ्याने म्हटली. उत्तर आल्यासारखे काहीच वाटले नाही. अण्णा खिडकीबाहेर पाहत राहिले. उठून गेले नाहीत. लीला म्हणाली, "उद्यापासून मी म्हणते. चुकलं तर हात वर करा."

हे लिहितो आहे तेव्हा मानेत छिद्र आहे, आवाज नाही. प्रार्थनेला उत्तर न येण्याची ती पोकळीही पूर्ण गेलेली नाही. लीला रोज प्रार्थना म्हणते, चुकते, मी हात वर करतो. ज्यांना आजारात प्रार्थना करवत नाही, त्यांनी दुसऱ्याची ऐकावी. मला तेवढे मिळाले, त्याबद्दल कृतज्ञ आहे.

ऑपरेशनच्या आदल्या त्या संध्याकाळी अण्णांची बसची वेळ झाली. बाटली खाटेशेजारी तशीच होती. मी तिचे झाकण घट्ट केले, ती वर्तमानपत्रात गुंडाळली आणि सांडू नये अशी त्यांच्या पिशवीत उभी ठेवली.